गरोदर मातेचे मन आणि बाळाचे दात

उसाच्या फडात शिरलेला जाणता शेतकरी एक ऊस हातात घेऊन सांगतो, की पाण्याचा ताण कधी पडला होता. त्या काळातले पेर आखूड राहते. मागाहून कितीही पाणी दिले तरी ते लांबत नाही. बाळाच्या दातांचेही काहीसे असेच आहे.

दुधाचे दात जन्मानंतर साधारण सहा महिन्यांनी दिसू लागतात; पण त्यांची घडण आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते. दातावरचे कठीण कवच म्हणजे एनॅमल. ते थरावर थर असे चढते. जन्माच्या वेळी त्यात एक बारीक रेघ उमटते. ती फक्त सूक्ष्मदर्शकातूनच दिसते. एकदा तयार झालेले एनॅमल शरीर पुन्हा बनवीत नाही.

इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातल्या 70 मुलांचे पडलेले दुधाचे दात संशोधकांनी तपासले. निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. ज्या मातांना गरोदरपणात उदासीनता वा चिंतेचा त्रास होता, त्यांच्या मुलांच्या दातांतील ही रेघ रुंद आढळली. ज्या मातांना माणसांचा चांगला आधार होता, त्यांच्या मुलांची रेघ अरुंद होती. रुंद रेघ म्हणजे किडका दात नव्हे, आणि हा अभ्यास लहान आहे. यात आईचा दोष तर मुळीच नाही. पण आईच्या मनावरचा भार आणि तिला मिळालेला आधार, दोन्ही बाळाच्या अंगी नोंदले जात असावेत, एवढे यातून दिसते.

हा प्रश्न परदेशातलाच आहे असे नाही. शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर शेकडा 23 मातांना नैराश्य आढळले. त्यांतील बहुतेकींचा त्रास गरोदरपणातच सुरू झाला होता. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी झाल्याची नाराजी ही त्यामागची कारणे होती. निपाणी भागात पोटुशी बाई भांगलणीला जाते, वखारीत तंबाखूत बसते, रात्री विड्या वळते. तिच्या मनाची चौकशी कोण करतो?

मशेरीबद्दलही सांगितले पाहिजे. मुंबईतील 1217 गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात (2004) मशेरी वगैरे तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली, आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या एनॅमलमध्ये दोष अधिक आढळतात.

घरच्यांनी एवढे करावे :

1. रोज थोडा वेळ तिच्याजवळ बसून तिचे ऐकावे. मुलगाच हवा असा धोशा लावू नये.

2. जड ओझे, रात्रीचे जागरण व मशेरी सोडवावी.

3. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तेथे मनाचा त्रासही सांगावा.

4. दोन आठवड्यांहून अधिक काळ रडू येणे, झोप न लागणे, कशातच मन न रमणे असे चालले, तर डॉक्टरांना दाखवावे. सरकारच्या 14416 या मोफत क्रमांकावरही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. तिला एकटी सोडू नये.

5. बाळाचा पहिला दात दिसताच तो रोज स्वच्छ करावा, आणि दुधाची बाटली तोंडात ठेवून त्याला झोपवू नये.

उसाला पाणी वेळेवर लागते, तसा आधारही वेळेवरच द्यावा लागतो.