फॉरेक्स ट्रेडिंग म्हणजे नक्की काय? आणि ॲपमध्ये दिसणारा बाजार खरा असतो का?



मागच्या दिवाळीत कराडला मावशीकडे गेलो होतो. फराळ चालू असताना मावसभावाने हळूच फोन माझ्यापुढे सरकवला. "दादा, हे बघ. दहा हजार टाकले होते, तीन आठवड्यांत बत्तीस हजार झाले." स्क्रीनवर हिरव्या-लाल कँडल हलत होत्या आणि वर ३८० डॉलर असा आकडा होता.

"फॉरेक्स आहे. ग्रुपमधले सर सांगतात कधी बाय करायचं आणि कधी सेल."

मी म्हटलं, "छान. आता त्यातले पाच हजार बँकेत काढून दाखव."

तो हसला. "काढायचे कशाला? वाढतायत ना!"

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. फॉरेक्स या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात. एक खरा बाजार, ज्याच्यावर जगाचा व्यापार चालतो. दुसरी म्हणजे रील्समधून आपल्यापर्यंत येणारी ॲप्स. दोन्हींतला फरक कळावा म्हणून आधी खरा बाजार समजून घेऊया.

या बाजारात विकतात काय?

पैसे! पैसे देऊन दुसरे पैसे विकत घ्यायचे, एवढंच. म्हणून इथे भाव नेहमी जोडीचा असतो. 'डॉलर-रुपया ८५' म्हणजे १ डॉलर घ्यायला ८५ रुपये लागतात. 'युरो-डॉलर १.१०' म्हणजे १ युरो घ्यायला १.१० डॉलर. जोडीतलं पहिलं चलन म्हणजे वस्तू आणि दुसरं म्हणजे तिची किंमत, असं लक्षात ठेवा. त्यामुळे 'रुपया घसरला' आणि 'डॉलर वधारला' या दोन वेगळ्या बातम्या नाहीत, एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत.

शेअर बाजार म्हटलं की दलाल स्ट्रीटवरची बीएसईची इमारत आठवते. चलन बाजाराला मात्र अशी एक इमारत किंवा एक सर्व्हर नाही. जगभरातल्या मोठ्या बँका एकमेकींना भाव देतात आणि सौदे करतात, त्या सगळ्या जाळ्याला आपण बाजार म्हणतो. लंडन, न्यूयॉर्क, सिंगापूर, हाँगकाँग, टोकियो ही त्याची मोठी केंद्रं. सोमवारी पूर्वेकडे दिवस उजाडला की व्यवहार सुरू होतात आणि शुक्रवारी संध्याकाळी न्यूयॉर्कला थांबतात. मधले दिवस चोवीस तास काम चालू.

आकार किती? बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स ही संस्था दर तीन वर्षांनी मोजणी करते. एप्रिल २०२२ मध्ये रोजची उलाढाल साधारण ७.५ लाख कोटी डॉलर होती, एप्रिल २०२५ मध्ये ती ९.६ लाख कोटी डॉलरवर गेली. दर दहापैकी जवळपास नऊ सौद्यांमध्ये एका बाजूला डॉलर असतो.

हे सौदे करतं कोण?

माझंच उदाहरण घ्या. मी पुण्यात ज्या कंपनीत काम करतो तिचे बरेचसे क्लायंट अमेरिकेत आहेत. ते बिल डॉलरमध्ये भरतात, पण माझा पगार रुपयांत होतो. म्हणजे मधे कुठेतरी कंपनी डॉलर विकते आणि रुपये घेते. उलट बाजूला तेल कंपन्या आहेत. भारत आपल्या गरजेच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो आणि त्याचे पैसे मुख्यतः डॉलरमध्ये द्यावे लागतात. त्यांना रुपये देऊन डॉलर हवे असतात. दोघांच्या मधे बँक बसलेली असते.

याशिवाय जर्मनीत शिकायला जाणाऱ्या मुलीची फी, आखातातून घरी येणारे पैसे, आपल्या शेअर बाजारात येणारे आणि जाणारे परदेशी गुंतवणूकदार, हे सगळे या बाजाराचे गिऱ्हाईक. आणि अर्थात नुसत्या भावाच्या चढ-उतारावर कमवू पाहणारे सट्टेवालेही आहेत. त्यांच्यामुळे बाजारात कायम कुणीतरी घ्यायला-द्यायला तयार असतं, हा त्यांचा उपयोग.

भाव कोण ठरवतो?

दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक चलनांचे भाव डॉलरशी बांधलेले होते आणि डॉलर सोन्याशी. १५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. १९७३ पर्यंत मोठी चलनं मोकळी झाली आणि त्यांचे भाव बाजारात ठरू लागले. आपला रुपया मार्च १९९३ मध्ये बाजाराच्या हवाली झाला.

आज तेल महागलं की डॉलरची मागणी वाढते आणि रुपया घसरतो. अमेरिकेत व्याजदर वाढले की पैसा तिकडे ओढला जातो. भाव फारच वेडावाकडा हलू लागला तर रिझर्व्ह बँक आपल्या गंगाजळीतले डॉलर विकते किंवा बाजारातून डॉलर घेते. रुपया अमुक एका आकड्यावर ठेवायचा नाही, फक्त धक्के कमी करायचे, हे तिचं जाहीर धोरण आहे.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा, स्प्रेड. बँक डॉलर ज्या भावाने घेते त्यापेक्षा महाग विकते. मधला फरक ही तिची कमाई. गुगलवर ८५ दिसतं आणि बँक फी भरताना ८६ लावते, त्यामागे हेच आहे. (आकडे फक्त उदाहरणाचे आहेत.)

धंदेवाले हा बाजार कशासाठी वापरतात?

समजा, आमच्या कंपनीला तीन महिन्यांनी १० लाख डॉलर मिळणार आहेत. तोपर्यंत डॉलर ८५ वरून ८३ वर आला तर २० लाख रुपयांचा फटका. म्हणून कंपनी आजच बँकेशी करार करते, तीन महिन्यांनी अमुक भावाने डॉलर देऊ. याला फॉरवर्ड म्हणतात. एक्सचेंजवर केलेला तसाच ठराविक मापाचा करार म्हणजे फ्युचर्स. एनएसईवर डॉलर-रुपयाचा एक करार १,००० डॉलरचा असतो, म्हणजे भाव १० पैसे हलला की १०० रुपयांचा फरक. या प्रकाराला हेजिंग म्हणतात आणि त्याचा हेतू कमाई नसून झोप शांत लागणं हा आहे.

आता येऊया लिव्हरेजवर

चलनांचे भाव दिवसाला फार हलत नाहीत. युरो-डॉलर अर्धा टक्का हलला तरी तो बऱ्यापैकी मोठा दिवस. १०० डॉलर लावून अर्धा डॉलर कमवायला कोण येईल? म्हणून ॲप म्हणतं, तुम्ही १०० डॉलर ठेवा, आम्ही तुम्हाला ५०० पट सौदा करू देतो. हेच लिव्हरेज. तुमचे १०० डॉलर म्हणजे मार्जिन आणि सौदा ५०,००० डॉलरचा.

आता कॅल्क्युलेटर काढा.

५०,००० चे ०.२ टक्के किती? १०० डॉलर. म्हणजे भाव फक्त ०.२ टक्के उलटा गेला की तुमचे सगळे पैसे संपले. इतकी हालचाल चहा पिऊन येईपर्यंत होऊ शकते. मग भाव परत तुमच्या बाजूने वळला तरी उपयोग नाही, कारण मार्जिन संपत आलं की सॉफ्टवेअर सौदा आपोआप बंद करतं.

आता त्यात स्प्रेड मिळवा. युरो-डॉलरमध्ये भावाचा चौथा दशांश, म्हणजे ०.०००१, याला पिप म्हणतात. भाव १.१० असताना ॲपचा स्प्रेड २ पिप असेल, तर ५०,००० डॉलरच्या सौद्यात जवळपास ९ डॉलर बटण दाबताक्षणी गेले. म्हणजे तुमच्या १०० डॉलरपैकी ९ टक्के, आणि अजून बाजार हललासुद्धा नाही!

म्हणूनच २०१८ मध्ये युरोपच्या नियामक संस्थेने सामान्य ग्राहकांसाठी मोठ्या चलनांच्या जोड्यांवर ३० पटींची मर्यादा घातली. अशा लिव्हरेजवाल्या सौद्यांत ७४ ते ८९ टक्के सामान्य खाती तोट्यात जातात, असं तिथल्या देशोदेशींच्या पाहण्यांत दिसलं होतं. लक्षात घ्या, ही परवानाधारक ब्रोकरांकडची खाती होती, बनावट ॲपमधली नव्हेत.

"पण मी स्टॉप लॉस लावतो," असं कुणी म्हणेल. १५ जानेवारी २०१५ ची गोष्ट ऐका. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने २०११ पासून एक युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ द्यायचा नाही असं ठरवून ठेवलं होतं. त्या सकाळी तिने अचानक हात काढून घेतला. काही मिनिटांत युरो १ फ्रँकच्याही खाली गेला. लोकांचे स्टॉप लॉस १.१९ च्या आसपास लावलेले होते, पण त्या भावाला घेणाराच कुणी नव्हता. अनेकांचे पैसे तर गेलेच, वर ब्रोकरचं देणं झालं. अल्पारी या ब्रोकरची ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीत गेली आणि एफएक्ससीएमला ३० कोटी डॉलरचं तातडीचं कर्ज घ्यावं लागलं. स्टॉप लॉस ही सूचना असते, हमी नव्हे.

मग ॲपमध्ये दिसतो तो कुठला बाजार?

इथे मी सॉफ्टवेअरवाला म्हणून बोलतो. तुम्ही ॲपमध्ये 'बाय' दाबलं की तुमच्या फोनमधून ब्रोकरच्या सर्व्हरला एक मेसेज जातो. पुढे दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर ब्रोकर तो सौदा खऱ्या बाजारात पुढे पाठवतो. नाहीतर तो स्वतःकडेच ठेवतो, म्हणजे समोरची बाजू ब्रोकर स्वतःच असतो. तुम्ही हरलात की तो जिंकतो. असं काम करणारे परवानाधारक ब्रोकरही जगात आहेत, पण त्यांच्यावर कुणाचं तरी लक्ष असतं.

परवाना नसलेल्या ॲपमध्ये तर तिसरी शक्यता असते. सौदाच होत नाही. स्क्रीनवरचे ३८० डॉलर म्हणजे कुणाच्या तरी डेटाबेसमधल्या एका रकान्यातला आकडा. तो ३८० चा ३,८०० करायला मला एक ओळ लिहावी लागेल. चार्ट खरा असू शकतो, कारण भावांचा डेटा सहज मिळतो. पण चार्ट खरा आहे म्हणून तुमची शिल्लक खरी ठरत नाही. ती खरी आहे की नाही हे कळायची एकच जागा, तुमचं बँक खातं.

भारतात कायदा काय सांगतो?

परकीय चलनाचे व्यवहार १९९९ च्या फेमा कायद्याखाली येतात. ते अधिकृत बँका-संस्थांकडे आणि कायद्याने मान्य कारणांसाठीच करता येतात. ऑनलाइन सौदे करायचे तर रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेले प्लॅटफॉर्म किंवा एनएसई, बीएसईसारखी मान्यताप्राप्त एक्सचेंजेस. तिथेही मे २०२४ पासून नियम स्पष्ट आहे. रुपयाच्या जोडीत सौदा करताना त्यामागे चलनाची खरी जोखीम असली पाहिजे. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण जोखीम असायलाच हवी. म्हणजे गंमत म्हणून डॉलर-रुपयावर सट्टा खेळायला तिथेही जागा नाही.

परदेशी शिक्षण, प्रवास वगैरेंसाठी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवायची सवलत आहे ना? आहे, पण परदेशी ब्रोकरला मार्जिन भरायला ती चालत नाही. फेमा मोडला तर गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. म्हणजे फसलेला माणूसच कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची 'अलर्ट लिस्ट' काढली आहे आणि तिच्यात भर पडत असते. पण ॲपचं नाव त्या यादीत नाही म्हणजे ते अधिकृत, असा अर्थ होत नाही, हे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय. पाहायची ती अधिकृत नावांची यादी. तीही रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे.

कराडला पुढे काय झालं?

जानेवारीत मावसभावाचा फोन आला. दिवाळीनंतर त्याने आणखी साठ हजार टाकले होते, कॉलेजच्या फीमधले. आता पैसे काढायला गेला तर ग्रुपमधले सर म्हणाले, आधी नफ्यावर १८ टक्के टॅक्स भर. तो टॅक्स शिलकीतून कापून घ्या म्हटलं तर नाही, वेगळा पाठवायचा. तेही एका माणसाच्या यूपीआयवर. तिथे त्याला शंका आली.

आम्ही लगेच १९३० वर फोन लावला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण शेवटचे पैसे पाठवून महिना झाला होता. अशा तक्रारीत पहिले काही तास महत्त्वाचे, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता येतात. आमचे अजून मिळालेले नाहीत. मावशीला त्याने स्वतः सांगितलं. ते त्याला पैसे गेल्यापेक्षा जड गेलं.

मला वाईट याचं वाटतं की दिवाळीत मी "पाच हजार काढून दाखव" म्हणालो आणि तो हसल्यावर विषय सोडून दिला. तेव्हाच शेजारी बसून ते बटण दाबायला लावायला हवं होतं. म्हणून तुमच्या ओळखीत कुणी असा हिरवा आकडा दाखवला तर वाद घालू नका, लेक्चर देऊ नका. फक्त म्हणा, "आत्ता, माझ्यासमोर, थोडे पैसे बँकेत काढ." थोडे निघाले म्हणून लगेच विश्वासही ठेवू नका, कारण सुरुवातीला छोट्या रकमा परत देऊन भरवसा बसवतात. मग अधिकृत यादीत नाव शोधा. नसेल तर एक रुपयाही पुढे टाकू नका.

चलनाचा बाजार समजून घ्या, तो खरंच भारी विषय आहे. पण त्यासाठी त्यात पैसे टाकायची गरज नाही. रोज डॉलरचा भाव बघा आणि तो का हलला याची बातमी शोधा. महिनाभरात इतकं कळेल की पुढचा 'सर' तुम्हाला ग्रुपमध्ये घ्यायलाच घाबरेल!