न घेतलेल्या कर्जाचा तगादा

आयुष्यभर अंथरूण पाहून पाय पसरलेल्या माणसाला उतारवयात कोणी दरडावून सांगितले, की “तुमची थकबाकी आहे,” तर त्याला पैशांआधी अब्रूची भीती वाटते. शेजाऱ्यांना कळले तर? मुले काय म्हणतील? दारात कोणी येऊन उभे राहिले तर? रक्कम पुष्कळदा दोन-चार हजारांचीच असते आणि ती मुळात देणे लागते की नाही, याचाच वाद असतो. तरीही कित्येक ज्येष्ठ नागरिक घरात कोणालाही न सांगता ती भरून टाकतात, किंवा महिनोन्महिने फोनची घंटा वाजली की दचकत राहतात. पहिल्याने हकनाक पैसे जातात, दुसऱ्याने झोप आणि प्रकृती. यातून सुटण्याचा मार्ग साधा आहे: फोनवरचा वाद कागदावर आणायचा.

रक्कम फुगते कशी?

निवृत्तिवेतनाचे खाते असलेल्या बँकेत ‘मोफत’ म्हणून क्रेडिट कार्ड हाती ठेवले जाते. पहिल्या वर्षी ते खरोखर मोफत असते. दुसऱ्या वर्षी, समजा, ४९९ रुपये वार्षिक शुल्क लागले, तर १८ टक्के जीएसटी धरून ते सुमारे ५८९ रुपये होते. कार्ड कपाटात पडलेले, बिल ईमेलवर आलेले, आणि ईमेल कोणी उघडत नाही. मग विलंब शुल्क, त्यावर पुन्हा कर. वर्षभरात आकडा हजारांत जातो आणि प्रकरण वसुली करणाऱ्या संस्थेकडे सोपवले जाते.

या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिलेले नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत. संमतीशिवाय कार्ड देता येत नाही. तसे देऊन बिल आकारले, तर ते रद्द करून त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. न भरलेली शुल्के आणि कर मुद्दलात मिसळून त्यांवर व्याज लावता येत नाही. म्हणून कोणी एकच मोठा आकडा सांगितला, तर त्याची फोड मागावी: प्रत्यक्ष खरेदी किती, शुल्क किती, कर किती, व्याज किती. फोड हाती आली की निम्मा वाद तिथेच स्पष्ट होतो.

बचत खात्याचेही तसेच. किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडापायी बचत खाते उणे होता कामा नये, असा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. केवळ अशा दंडाची ‘उणे बाकी’ कोणी मागत असेल, तर या नियमाचा उल्लेख करून उत्तर द्यावे.

मात्र, कार्डावर औषधे घेतली असतील किंवा तिकीट काढले असेल, तर ते खरे देणे आहे. तेवढी रक्कम वेगळी काढून, पावती घेऊन भरावी. वादाची रक्कम आणि खरे देणे यांची सरमिसळ झाली, की आपली बाजू लंगडी पडते.

फोन आला तर

वसुली प्रतिनिधीशी हुज्जत घालून काही साधत नाही. शुल्क रद्द करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. त्याचे नाव, संस्थेचे नाव आणि बँकेचे नाव विचारावे. “ही रक्कम मला मान्य नाही. मी बँकेला लेखी कळवत आहे,” एवढेच सांगावे आणि फोन ठेवावा. तारीख, वेळ आणि बोलणे वहीत टिपून ठेवावे.

रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करण्यास मनाई आहे. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक वा मित्रांना त्रास, खोटी बतावणी हे सारे निषिद्ध आहे. घरी येणाऱ्या प्रतिनिधीजवळ ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र असलेच पाहिजे. ते पाहिल्याशिवाय दार उघडू नये आणि शक्यतो एकट्याने बोलू नये.

रोख रक्कम, सही केलेला कोरा धनादेश, ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक कोणालाही देऊ नये. दिलेला धनादेश वटला नाही, तर फौजदारी खटल्याचे नवे लचांड मागे लागू शकते. “आज पैसे भरले नाहीत, तर पोलीस उचलून नेतील,” ही धमकी बहुधा भामट्याची असते. क्रेडिट कार्डाची थकबाकी हा दिवाणी स्वरूपाचा विषय आहे आणि फोनवरून कोणालाही अटक होत नाही. पैसे फसवून काढून घेतले गेले असतील, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

पत्र कसे लिहावे?

पत्र शाखा व्यवस्थापकाच्या नावे, एका पानाचे, रागाचा शब्द न वापरता लिहावे. उदाहरणार्थ:

“माझ्या खात्यावर/कार्डावर रु. … इतकी थकबाकी दाखवून आपल्या प्रतिनिधींकडून दि. … पासून फोन येत आहेत. ही रक्कम मला मान्य नाही, कारण … . कृपया रकमेची तपशीलवार फोड आणि मी दिलेल्या संमतीची प्रत द्यावी. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वसुलीची कार्यवाही थांबवावी, वादग्रस्त रक्कम माझ्या अन्य खात्यातून वळती करू नये आणि पतमाहिती संस्थेकडे थकबाकीदार म्हणून नोंद करू नये. यापुढील पत्रव्यवहार लेखी व्हावा.”

दोन प्रती काढाव्यात. एक शाखेत द्यावी, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. शाखेत जाणे जमत नसेल, तर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवावी. वसुली थांबवण्याची मागणी ही काही मेहेरबानीची याचना नाही. ग्राहकाच्या तक्रारीचा अंतिम निपटारा होईपर्यंत त्याचे प्रकरण वसुली संस्थेकडे पाठवू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच बँकांना सांगितलेले आहे. अपवाद आहे तो वारंवार खोडसाळ तक्रारी करणाऱ्यांचा.

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विलंब न लावता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करावी. त्यासाठी शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. संगणकाची सवय नसेल, तर तक्रार टपालानेही करता येते. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पतसंस्थेशी वाद असेल, तर मात्र सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे जावे लागते.

शरीराची काळजी

अशा फोननंतर छातीत धडधडते, हात थरथरतात, रक्तदाब आणि मधुमेह्यांची साखर वाढू शकते. त्याच क्षणी रक्तदाब मोजून घाबरून जाऊ नये. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून किमान पाच मिनिटे शांत बसावे आणि मग मोजावा. आकडा जास्त दिसला म्हणून मनानेच जादा गोळी घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात वा पाय लुळा पडणे यांपैकी काही जाणवले, तर १०८ वर फोन करावा. झोप आणि भूक दोन आठवडे हरवलेली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. मन फारच खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे.

घरच्यांसाठी

“सही केलीच कशाला?” हा प्रश्न घरात उच्चारू नये. या एका प्रश्नाच्या धास्तीने आई-वडील पुढचे फोन लपवू लागतात. त्याऐवजी शेजारी बसून कागद एकत्र लावावेत. प्रतिनिधीचे फोन त्यांच्या संमतीने आपण घ्यावेत, पण पत्रावर सही त्यांचीच असावी. व्यवहार त्यांच्या हातातून काढून घेतला, की आत्मविश्वासही जातो.

बिले भरायची राहणे, एकच बिल दोनदा भरणे, नेहमीच्या हिशेबात गोंधळ होणे असे अलीकडे वारंवार घडत असेल, तर ते वयाच्या नावावर खपवू नये. स्मृतिभ्रंशाची सुरुवात कधी कधी पैशांच्या व्यवहारांतच प्रथम दिसते. वेळीच तपासणी करून घ्यावी.

वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या कार्डाच्या थकबाकीसाठी आईकडे तगादा लावला जातो. जामीन राहिलेले नसल्यास वारसांची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. स्वतःच्या मिळकतीतून ते कर्ज फेडण्यास त्या बांधील नसतात. दुःखाच्या दिवसांत कोणत्याही कागदावर घाईने सही करू नये. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून बँकेला लेखी कळवावे.

घरात आजच एक फाईल सुरू करावी. पासबुके, कार्डांची यादी, जुनी पत्रे, पोचपावत्या आणि फोनच्या नोंदींची वही तीत ठेवावी. पुढचा फोन आला, तर फाईल समोर घेऊन, पाणी पिऊन मगच बोलावे. लगेच उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नाही.