दहा मिनिटांचा लकवा

गेल्या पावसाळ्यात कोळसा खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. वय ६२. चार दिवसांपूर्वी सकाळी त्यांच्या उजव्या हातातून कपबशी निसटली, तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. दहा मिनिटांत सारे पूर्ववत. घरच्यांनी गॅस समजून सोडा पाजला. "आता तर बरा आहो जी," ते म्हणाले. खिशातून बिडीचे बंडल डोकावत होते.

हा गॅस नव्हता. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने काही वेळ बंद पडून पुन्हा मोकळी झाली होती. अशा इशाऱ्यानंतर मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या दोन-चार दिवसांतच सर्वांत जास्त असतो. काकाजी नशिबाने वाचले. त्यांना त्याच दिवशी नागपूरला पाठवले. तपासणीत मानेतील धमनीत चरबीचा थर निघाला.

वाचकहो, बिडी म्हटली की आपल्याला फुप्फुस आठवते, खोकला आठवतो. पण खरे नुकसान रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचे होते. हे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचे. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करते, त्यामुळे नळी सैल राहते आणि रक्त चिकटत नाही. धुरातील घटक हे काम बिघडवतात. निकोटिन नळी आवळते, रक्तदाब वाढवते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. अस्तराला इजा झाली की तेथे चरबी साचते, गुठळी धरते. मेंदूतील बारीक वाहिन्या तर गाजावाजा न करता बंद होतात. हातपाय चालतात, पण विसराळूपणा वाढतो, चाल मंदावते. घरचे म्हणतात, वय झाले.

"दोन-चारच ओढतो जी," हे वाक्य मी रोज ऐकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला वीस ओढणाऱ्याला झटक्याचा जितका जादा धोका असतो, त्याच्या सुमारे ४० टक्के धोका उरतोच. निम्मे केले म्हणजे निम्मे वाचलो, असा हिशेब येथे चालत नाही. बिडी तेंदूपत्त्याची म्हणून सौम्य, हाही गैरसमज आहे. ती विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने ओढावी लागते. त्यामुळे निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड जास्तच आत जाते. (मी स्वतः वसतिगृहात परीक्षेच्या रात्री सिगारेट ओढत असे. म्हणून उपदेश करताना आवाज जरा खाली ठेवतो.)

काकाजींच्या कॉलेजात शिकणाऱ्या नातवाने उपाय काढला. पेनासारखी, बॅटरीवर चालणारी सिगारेट. "आजोबा, यात धूर नाही, वाफ आहे." तो स्वतःही तीच ओढतो, हे मग कळले. त्या वाफेत डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही, हे खरे. पण निकोटिन आहे. ओढल्यावर नाडी व रक्तदाब वाढतो, धमन्या काही काळ ताठरतात, हे मोजून पाहिलेले आहे. शिवाय मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, त्या वयात जडलेले निकोटिन सहज सुटत नाही. भारतात या वस्तूची विक्री, आयात आणि साठवण २०१९ पासून कायद्याने बंद आहे. नातवाने ती कोठून आणली, हे मी विचारले नाही.

तोंड वाकडे, एक हात लुळा, बोलणे अडखळते, यांपैकी काहीही अचानक झाले तर घड्याळ पाहावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि उमरेडहून नागपूर सुमारे ४५ किलोमीटर आहे. सोडा पाजण्यात, मालिश करण्यात वेळ घालवू नये. तोंडाने काहीही देऊ नये.

बिडी सोडल्यावर झटक्याचा धोका वर्षागणिक उतरतो, साठीनंतर सोडली तरी. मदतीसाठी सरकारचा १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी आहे.

काकाजींची बिडी सुटून आता अकरा आठवडे झाले. परवा रक्तदाब पुन्हा चढलेला दिसला, म्हणून खिसा दाखवा म्हटले. खर्र्याची पुडी निघाली. "हा तर धूर नाही ना जी," ते म्हणाले. त्यातही तंबाखूच आहे, असे सांगून येत्या सोमवारी पुन्हा बोलावले आहे. नातवालाही सोबत आणा म्हटले आहे.