कागदाची पळी : आर्मेनियन लोकांच्या इतिहासाविषयी

पहिल्या महायुद्धाचा इतिहास आपण वर्गात शिकवतो. तुर्की साम्राज्य कसे मोडले, कोणते तह झाले, त्यांची कलमे कोणती, हे विद्यार्थी पाठ करून परीक्षेत उतरवतात. पण त्याच युद्धाच्या आडोशाने एक अख्खा समाज स्वतःच्या भूमीतून उपटून काढला गेला, याला क्रमिक पुस्तकात फार तर एक ओळ मिळते. आर्मेनियन लोक मग आपल्यापर्यंत पोचतात ते कत्तलीचा आकडा म्हणून, किंवा कलकत्त्याचे धनिक व्यापारी म्हणून. या दोन चित्रांच्या मध्ये नांगर धरणारा आणि दोन मालकांना कर देणारा जो आर्मेनियन होता, तो हरवतो. माझ्या मते हा इतिहास त्याच्या बाजूने पाहिला तरच कळतो.

हे लोक स्वतःला 'हाय' म्हणवतात, आपल्या देशाला 'हायस्तान'. पूर्व अनातोलियापासून कॉकेशसपर्यंतचे उंच पठार ही त्यांची भूमी; अरारात पर्वत तिच्या मधोमध. इराणच्या दारयवहू सम्राटाच्या बेहिस्तुन शिलालेखात, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे ५२० मध्ये, या देशाचे नाव आढळते. चौथ्या शतकाच्या आरंभी त्यांच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंपरा ३०१ हे साल सांगते. ३८७ मध्ये रोम आणि इराण यांनी हा देश आपसांत वाटून घेतला. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स या भिक्षूने आर्मेनियन भाषेसाठी ३६ अक्षरांची लिपी तयार केली आणि ४२८ मध्ये उरलेली गादीही गेली. तोवर प्रार्थना आणि धर्मग्रंथ ग्रीक वा सिरियाक भाषेत होते. ऐकणाऱ्याला त्यातले काही कळत नसे. राज्य हातचे जात असताना अक्षर हाती आले, ही गोष्ट पुढच्या पंधराशे वर्षांना पुरली. अर्थात अक्षर मठांत राहिले. शेतकऱ्याच्या झोपडीत ते पोचायला शतके लागली, हेही विसरता कामा नये.

पुढे राज्ये उभी राहिली आणि बुडाली. १३७५ मध्ये किलिकियाचे शेवटचे राज्य संपले. १६०४ मध्ये इराणच्या शाह अब्बासाने जुल्फा गावातील आर्मेनियनांना उठवून इस्फहानजवळ वसवले. त्यांच्यातलेच व्यापारी सुरत, मद्रास, कलकत्त्यापर्यंत पसरले. मुंबईच्या फोर्टमधील त्यांचे चर्च १७९६ चे आहे. मद्रासमध्ये शाहामीर शाहामिरियान या व्यापाऱ्याच्या छापखान्याने अस्तित्वातच नसलेल्या स्वतंत्र आर्मेनियासाठी ५२१ कलमांची राज्यघटना छापली. देश नाही, पण घटना आहे! जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक 'अझ्दरार' हेही १७९४ मध्ये मद्रासलाच निघाले.

मायभूमीतला बहुसंख्य समाज मात्र उस्मानी तुर्कांच्या अमलाखाली होता. तेथे त्याला धर्म पाळण्याची मुभा होती, बरोबरीची नव्हती. शस्त्र बाळगायचे नाही, वेगळा कर द्यायचा, आणि शरियतच्या न्यायालयात मुसलमानाविरुद्ध ख्रिस्त्याची साक्ष ग्राह्य नाही. १८३९ आणि १८५६ च्या फर्मानांनी समता जाहीर केली. ती कागदावर राहिली. पूर्वेकडच्या प्रांतांत शेतकरी सरकारला कर देई आणि वर स्थानिक कुर्द बेगालाही देई. हिवाळ्यात भटक्या टोळ्या जनावरांसह त्याच्या घरात मुक्कामाला येत. त्यांना पोसणे हा त्याच्यावर लादलेला रिवाज होता.

आणि त्याचे स्वतःचे पुढारी? राजधानी इस्तंबूलमध्ये सावकार, सरकारी कंत्राटदार, सुलतानाचे वास्तुशिल्पी अशा आर्मेनियन अमीरांचा वर्ग होता. १८६३ मध्ये समाजाला अंतर्गत कारभाराची घटना मिळाली आणि १४० सभासदांची सभा ठरली. त्यात साऱ्या प्रांतांना मिळून ४० जागा, एकट्या राजधानीतील गृहस्थांना ८०, आणि २० धर्मगुरूंना. ज्याच्या नावाने दुःख मांडायचे त्यालाच सभेत जागा अपुरी, हे गणित वाचकांना नवे वाटणार नाही.

या सभेत प्रांतांचे गाऱ्हाणे नेटाने मांडणारा माणूस म्हणजे म्कर्तिच ख्रिमियान. वान शहरात जन्मलेला, मठात छापखाना काढून नियतकालिक चालवणारा. लोक त्याला 'हायरिक', म्हणजे 'बाबा' म्हणत. १८७८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत आर्मेनियनांचे निवेदन घेऊन तो गेला. परिषदेने ६१ वे कलम दिले : सुलतान सुधारणा करील. परत आल्यावर ख्रिमियानने प्रवचनात जे सांगितले ते आजही प्रत्येक आर्मेनियनाला ठाऊक आहे. बर्लिनला टेबलावर हरीसाची, म्हणजे गहू आणि मांस घोटून केलेल्या रांध्याची, मोठी कढई मांडलेली होती. बल्गेरियन, सर्ब, मॉन्टेनेग्रिन आले. प्रत्येकाने लोखंडी पळीने आपला वाटा काढून नेला. माझ्या हाती कागदाची पळी होती, ती कढईत विरघळली. गावाकडच्या नातलगांना भेट द्यायची तर हत्यार द्या, असा त्याचा रोख होता.

दृष्टांत जबरदस्त आहे. निष्कर्ष मला अपुरा वाटतो. बल्गेरियनांच्या पळीमागे रशियाचे सैन्य होते. आर्मेनियन तरुणांनी १८८७ मध्ये हुन्चाक आणि १८९० मध्ये दाश्नाक पक्ष काढले, बंदुका मिळवल्या. पण मूठभर बंदुका म्हणजे राज्यसत्ता नव्हे. उलट सत्तेला निमित्त सापडले. १८९४ ते १८९६ या काळात सुलतान अब्दुल हमीदच्या राजवटीत एक ते तीन लाख आर्मेनियन मारले गेले असा अंदाज आहे. १९०८ मध्ये तरुण तुर्कांची क्रांती झाली, समतेच्या घोषणा झाल्या, लोक रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारू लागले. पुढच्याच वर्षी अदानात हत्याकांड झाले.

१९१५ मध्ये जे घडले ते केवळ जमावाचे काम नव्हते. त्याला कायदा आणि कचेरी होती. आर्मेनियन सैनिकांची शस्त्रे काढून त्यांना मजूर पलटणींत घातले. २४ एप्रिलच्या रात्री इस्तंबूलमध्ये लेखक, शिक्षक, वकील, पुढारी पकडले गेले. २७ मे रोजी स्थलांतराचा कायदा झाला. गावोगावी पुरुषांना वेगळे काढून मारले. स्त्रिया, मुले, म्हातारे यांना सीरियाच्या वाळवंटाकडे, देर अझ-झोरकडे पायी हाकलले. वाटेत भूक, रोगराई, लूट, अत्याचार. मृतांचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात.

मग मालमत्तेचा कायदा आला. घर, शेत, दुकान यांना 'सोडून दिलेली मालमत्ता' असे नाव मिळाले. सिनेटमध्ये अहमद रिझा या तुर्क सभासदाने विरोध केला : मालक आपखुशीने गेलेले नाहीत, तेव्हा हे नावच बेकायदा आहे. त्याचे कोणी ऐकले नाही. बाल्कनमधून हाकलले गेलेले मुसलमान निर्वासित त्या घरांत वसवले गेले. अनेक कुर्द टोळ्या लुटीत सामील झाल्या. एका पिडलेल्याच्या हाती दुसऱ्या पिडलेल्याची जमीन ठेवली की दोघांच्याही तोंडाला कुलूप बसते. धर्मद्वेषाच्या स्पष्टीकरणात ही बाजू झाकली जाते. त्याच कुर्दांवर १९३७-३८ मध्ये दर्सिमला राज्यसत्तेची तोफ वळली.

१९१९ मध्ये इस्तंबूलच्या लष्करी न्यायालयाने पळून गेलेल्या गृहमंत्री तलातला मृत्युदंड दिला. १५ मार्च १९२१ रोजी सोघोमोन तेहलिरियान या तरुणाने त्याला बर्लिनमध्ये गोळी घातली. जर्मन ज्यूरीने तेहलिरियानला निर्दोष सोडले. एका माणसाच्या खुनासाठी खटला आहे, मग लाखोंच्या खुनासाठी का नाही, असा प्रश्न पोलंडमधील राफाएल लेमकिन या विद्यार्थ्याला पडला. १९४४ मध्ये त्यानेच 'जेनोसाइड' हा शब्द घडवला. तिकडे १९२३ च्या लोझानच्या तहात आर्मेनिया हे नावसुद्धा आले नाही.

साक्ष मात्र राहिली. झाबेल येसायान या लेखिकेने अदानाचे उद्ध्वस्त जग १९११ मध्येच पुस्तकात मांडले होते. १९१५ च्या अटकेतून ती निसटली आणि कॉकेशसमध्ये निर्वासितांच्या जबान्या लिहून घेत राहिली; १९३७ मध्ये सोविएत पोलिसांनी तिला पकडले. मुश गावच्या मठातील आठशे वर्षांपूर्वीचा, २८ किलो वजनाचा प्रवचनग्रंथ दोन स्त्रियांनी दोन भागांत वाहून नेला. एकीने मरण्यापूर्वी आपला भाग पुरून ठेवला. आज दोन्ही भाग येरेवानच्या मातेनादारान ग्रंथालयात आहेत.

तुर्कस्तानचे सरकार वंशसंहार हा शब्द आजही नाकारते. इस्तंबूलच्या 'आगोस' साप्ताहिकाचे संपादक हरांत दिंक यांना 'तुर्कत्वाच्या अवमाना'बद्दल २००५ मध्ये शिक्षा झाली. १९ जानेवारी २००७ रोजी कचेरीच्या दारात त्यांचा खून झाला. अंत्ययात्रेत 'आम्ही सगळे आर्मेनियन' असे फलक घेऊन एक लाखाच्या वर माणसे चालली, त्यांतली बहुसंख्य तुर्क होती.

सोविएत संघातून १९९१ मध्ये बाहेर पडलेला आजचा आर्मेनिया हा त्या जुन्या भूमीचा एक तुकडा आहे. १९९० च्या दशकात काराबाखच्या युद्धात आर्मेनियन सैन्याने भोवतालच्या जिल्ह्यांतून लाखो अझरबैजानी लोकांना हुसकावले, हेही नोंदवले पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने काराबाख ताब्यात घेतले. आठवड्याभरात एक लाख आर्मेनियन, घराच्या किल्ल्या खिशात घेऊन, लाचिनच्या रस्त्याने बाहेर पडले.