घंटा झाली, सर बदलले

बाई वर्गातून बाहेर गेल्या, व्हरांड्यात जरा थांबल्या आणि पुन्हा आत आल्या तेव्हा गणिताचे सर झाल्या होत्या. आवाज चढवलेला, चेहरा अनोळखी. चौथीची चारही मुलं उठून उभी राहिली. “बसा. मराठीची वही अजून बाहेर कशी? तास कुणाचा चाललाय?” एका पोराने घाईघाईने दप्तरात डोकं खुपसलं. पलीकडच्या सतरंजीवर पहिली-दुसरीची पोरं पाढे सोडून ही गंमत बघत होती. थोड्या वेळाने व्हरांड्यात टांगलेल्या लोखंडी तुकड्यावर टोला पडला आणि बाई परत बाहेर. आता हिंदीच्या मॅडम येणार होत्या.

पाटण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दर एप्रिलमध्ये असा सराव चालतो, हे मला ओळखीच्या एका केंद्रप्रमुखांनी सांगितलं होतं. पुण्या-मुंबईत पाचवीची तयारी म्हटली की क्लास, फी आणि बोर्ड कोणता याचीच चर्चा कानावर येते. मुलाला मोठ्या शाळेत धाडण्याआधी त्याला घंटेची सवय लावणारं कुणी असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. सकाळची शाळा होती, उन्हं तापायच्या आत पोहोचायचं म्हणून कराडहून लवकर निघाले.

शाळा दोनशिक्षकी, पट १७. चार वर्षं मुलांनी दोनच माणसं पाहिलेली: बाई आणि गुरुजी. भाषा, गणित, कवायत, नाक पुसणं, सगळं या दोघांकडे. विषय बदलला म्हणून माणूस बदलतो, हे या मुलांच्या गावीही नाही. “आमच्या चौथीत चार,” गुरुजी म्हणाले, “आणि तिकडं पाचवीच्या एका तुकडीत बासष्ट.” हा आकडा त्यांनी चहा येईपर्यंत आणखी दोनदा सांगितला. नंतर लक्षात आलं, बाई जे काही करत होत्या ते सगळं या ६२ ला धरूनच चाललं होतं.

कायद्याने पाहिलं तर ही मुलं अजून प्राथमिकचीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत, उच्च प्राथमिक तीनच्या आत असावी, असं नियम सांगतात. पण महाराष्ट्राची जुनी घडी चौथीला मोडते. वाडीवरची शाळा चौथीपर्यंत आणि हायस्कूल पाचवीपासून, हे इथे इतकं मुरलेलं आहे की दहा वर्षांच्या पोराला सगळे सरळ ‘हायस्कूलला गेला’ म्हणतात. या वाडीचं हायस्कूल पाच किलोमीटरवर. सातारा जिल्ह्याला अंतराचा हा प्रश्न नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, ते खेड्यातल्या पोरांना शाळा लांब पडते म्हणूनच. शंभर वर्षांनी शाळा पुष्कळ झाल्या, अंतर कमी झालं, संपलं मात्र नाही.

सरावातला मला सगळ्यात आवडलेला भाग पटांगणात होता. चौघांतली एक मुलगी फारच हळू बोलते. हजेरीला ‘हजर बाई’ म्हणते ते ओठांवरून कळतं, कानाला नाही. इथे चालून जातं, कारण बाई मान वर करून बघतात. बाईंनी तिला पटांगणाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं आणि स्वतः व्हरांड्यात खुर्ची टाकून हजेरी पुकारायला लागल्या. नुसती या चौघांची नाही. पहिली तीस-पस्तीस नावं मनाने रचलेली, सपासप, मध्येच तिचं, आणि पुन्हा पुढची. तिच्या नावानंतर क्षणभरही थांबायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. पहिल्यांदा मुलीचं उत्तर टाकीपाशीच राहिलं. “गैरहजर,” बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ती इतक्या मोठ्याने ओरडली की कुंपणापलीकडे गवत कापणारी बाई खुरपं थांबवून बघायला लागली. पोरं टाळ्या पिटून हसली. मुलगी लाजली आणि मग तिने आपणहून आणखी एकदा ओरडून दाखवलं.

“बासष्टात एकदा का गैरहजर लागली की दुसऱ्या दिवशी ती सांगायला उठणार नाही,” बाई मला म्हणाल्या. “मग आठवडाभर हजर असून गैरहजर. असं झालंय आमच्या एकाचं.”

याला कुठल्या प्रशिक्षणात नाव असेल तर असो. मला तरी ती निव्वळ जाण वाटली. गुरुजींचा ओढा मात्र शिष्यवृत्तीकडे. २०१६-१७ पासून ती परीक्षा चौथीवरून पाचवीला नेली, तेव्हा अशा शाळांच्या हातून ती गेलीच होती. ती पुन्हा चौथीला आणायचं ठरल्यापासून ते खूश आहेत. सराव प्रश्नपत्रिकांचा त्यांचा गठ्ठा टेबलावर होता. तो महत्त्वाचा आहेच. पण दोन्ही तयाऱ्यांतली एकच निवडायची वेळ आली, तर मी पाण्याच्या टाकीपाशी जाईन.

एका शनिवारी मुलांना एसटीने हायस्कूल दाखवून आणतात. थांब्यावर हात कसा करायचा, पुढच्या दाराशी गर्दी का करायची नाही, पास कुठल्या खिशात. मुलींना पाचवीपासून अहिल्याबाई होळकर योजनेचा पास मोफत, मुलांना ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तिसरा हिस्सा भरायचा. आता पास शाळेतच देण्याची सोय झाल्याने आगाराच्या खिडकीवरची रांग वाचली. गाडीचं वेळापत्रक मात्र शाळेच्या घंटेला विचारून केलेलं नाही. सकाळची गाडी चुकली तर पायवाट, आणि पायवाटेला मध्ये ओढा. पाटणचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

मग दाखले. या एका कामासाठी बाईंनी अख्खी सकाळ राखून ठेवली होती.

लोखंडी कपाट उघडलं की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, त्यामागून जुन्या कागदाचा. जनरल रजिस्टर दोन्ही हातांनी उचलावं लागतं. लाल कापडी पाठ, कोपरे झिजलेले. जुन्या पानांवर जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून अशी ओळच्या ओळ. तारीख कुणाला ठाऊक नसायची, जून महिन्यात नाव घालायचं, मग मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रातले कितीतरी आजोबा या एकाच दिवशी जन्मले ते असे. हसण्यावारी नेण्याजोगी ही वही नव्हे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा अशीच रजिस्टरं गावोगाव उघडली गेली. पणजोबांच्या नावापुढे मास्तरांनी काय लिहिलं होतं, यावर पणतूचा जातीचा दाखला अडतो किंवा सुटतो.

“म्हणून घाई करायची नाही,” बाई म्हणाल्या. मूल शाळेत आहे तोवर चूक सापडली तर अर्ज, पुरावे, वरची परवानगी असं करून दुरुस्त होते. एकदा शाळा सोडून गेलं की तीच चूक काढताना घरच्यांच्या चपला झिजतात.

एकेका मुलाला समोर बसवलं, सोबत आईला. आधी कच्च्या कागदावर पेन्सिलीने. रजिस्टरमध्ये काय, आधारवर काय, जन्मदाखल्यावर काय, तिन्ही कागद शेजारी शेजारी. हळू बोलणाऱ्या त्या मुलीच्या नावात रजिस्टरला दुसरी वेलांटी, आणि आधारवर इंग्रजीतून उलटून आलेली पहिली. बाईंनी जन्मदाखला उन्हाकडे धरून पाहिला. तिथे दुसरीच होती. म्हणजे आधारकेंद्राची वारी आली. आईचा चेहरा पडला. त्यासाठी पाटणला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणार. पुढची अडचण आईच्याच नावाची निघाली. आधारवर माहेरचं, रजिस्टरला सासरी बदललेलं. “लग्नात सासूनं बदललं,” ती म्हणाली. “हाक मात्र कुणीच त्या नावानं मारत न्हाई.”

जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. ‘चौदा मार्च दोन हजार सोळा’ असं बाई सावकाश लिहीत होत्या आणि मुलगा ओठांनी वाचत होता. त्यानंतर आकड्यांची लांबच लांब रांग: आधारचे १२, शाळेच्या यू-डायस क्रमांकाचे ११, ‘सरल’ पोर्टलवरच्या स्टुडंट आयडीचे १९. बाई तीन-तीन आकडे म्हणायच्या, गुरुजी बोट ठेवून ‘हं’ म्हणायचे. संगणकावरचं काम वेगळंच. यू-डायस प्लसवर मूल आधी ड्रॉपबॉक्समध्ये टाकायचं, मग नव्या शाळेने ते तिथून उचलायचं. त्यांनी उचललं नाही तर पोर हायस्कूलच्या बाकावर बसलेलं असूनही कागदोपत्री शाळा सोडलेलं. दोन वर्षांपूर्वी एकजण ऑगस्टपर्यंत असा लटकला होता, आणि त्याच्यासाठी केलेले फोन बाई अजून विसरलेल्या नाहीत.

सोडण्याचं कारण: पुढील शिक्षणासाठी. अभ्यासातील प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. चौघांनाही तेच. हे जरा सरधोपट नाही का, असं मी म्हटलं.

“रकाना बघा केवढा आहे,” त्या म्हणाल्या आणि शिक्का पॅडवर दाबला.

रकाना खरोखर बोटाच्या पेराएवढा. म्हणून त्या दुरेघी वहीची चार पानं फाडतात आणि प्रत्येक मुलासाठी वेगळी चिठ्ठी लिहितात. मला वाचायला दिल्या. ‘डावऱ्या हाताने लिहितो, उजवीकडच्या टोकाला बसवू नये, शेजाऱ्याला कोपर लागतं.’ ‘भागाकार पक्का, शाब्दिक उदाहरण दोनदा वाचायला सांगावं.’ ‘फळ्यावरचं लांबून दिसत नाही, पण सांगत नाही. चष्म्यासाठी घरी बोलले आहे.’ हळू बोलणाऱ्या मुलीच्या चिठ्ठीत एवढंच: ‘हजेरीला उत्तर आलं नाही तर कृपया वर बघावं.’ एवढं ओरडून घेतल्यावरही ही ओळ का, असं विचारलं. “इथं ओरडली,” त्या म्हणाल्या. “तिथलं कुणी सांगावं?”

दाखल्यांच्या गठ्ठ्याबरोबर मीही हायस्कूलच्या कार्यालयात गेले. लेखनिक कामाला चोख. दाखले घेतले, शिक्के तपासले, पोहोच दिली. चिठ्ठ्या हातात आल्या तेव्हा मात्र त्यांची पंचाईत झाली. फायलीला लावता येत नाहीत, आवक नोंदवहीत चढवता येत नाहीत. पाचवीला वर्गशिक्षक कोण, हे जूनमध्ये ठरणार. शेवटी त्यांनी त्या टेबलाच्या काचेखाली, देवाच्या फोटोशेजारी सरकवल्या. “सांगतो सरांना,” म्हणाले. सांगतीलही. पण ज्या सरांना सांगायचं त्यांच्यापुढे अशी ६२ मुलं, अन् ती आजूबाजूच्या दहा-बारा वाड्यांवरून आलेली. त्यांतल्या किती शाळांतून चिठ्ठी येते? लेखनिकांनी जरा आठवून पाहिलं. “ह्याच बाई पाठवतात,” ते म्हणाले.

कागद पाठवायची यंत्रणा आपल्याकडे आता पक्की आहे. १९ आकड्यांचं स्टुडंट आयडी आणि आधार मिळून एकतीस, त्यात शाळेचे अकरा मिळवले की बेचाळीस, एवढे आकडे मुलामागून बिनचूक जातात आणि न गेले तर बोंब होते. कोपर लागतं, फळा दिसत नाही, हे मात्र एका बाईच्या दुरेघी वहीवर आणि एका लेखनिकाच्या भलेपणावर सोडलेलं. बाईंना यात विशेष काही वाटत नाही. मला वाटलं, आणि परतीच्या गाडीत त्याची थोडी चीडही आली.

बाईंपुढे तोवर दुसरंच काम उभं होतं. चार दाखले गेले म्हणजे पट १७ वरून १३ वर आला. वीसच्या आतल्या शाळांचं काय करायचं यावर वर सतत काही ना काही घाटत असतं, त्यामुळे मुलं पुढे पाठवायची तयारी जितकी चांगली, तितकी शाळा रिकामी होत जाते. दुपारी त्या पटनोंदणीला निघाल्या. पहिलीत बसेल असं वाडीत एकच मूल. वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी. इथली अर्धी वाडी तिकडेच. अंगणात आजी वाळवणावर बसली होती.

“पोराला तिकडंच घालायचं म्हणतोय,” आजी म्हणाली. “इथं ठेवलं तर चौथीनंतर परत पाच किलोमीटर हायच की.”

बाई पायरीवर टेकल्या. पिशवीतून अर्ज काढला, पण पुढे केला नाही. “यात्रेला येणारैत ना दोघं?”

“येतील की.”

“मग तेव्हा येते मी. तोवर पोराला सकाळी शाळेकडं पाठवा. बसू द्या आमच्यात.”