भट्टी मोजकी, गिऱ्हाईक फार

पहूरसारख्या खानदेशी गावात गाडीलोहार उतरले की शेतकरी विळा-कुऱ्हाड सांगून बनवून घेतो. भट्टी समोर, घासाघीस तोंडी.

अमेरिकेत खिशातल्या घडीच्या चाकूची तऱ्हा वेगळी. पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावी 2006 साली सुरू झालेली ग्रेट ईस्टर्न कटलरी एका वेळी एकाच घाटाचे मोजके चाकू काढते: कधी हाडाच्या मुठीचे, कधी लाकडाच्या. पात्यावरच्या आकड्यांतून घाट आणि साल दोन्ही कळतात. माल जातो ठरावीक विक्रेत्यांकडे. प्रत्येकाच्या वाट्याला थोडे नग, म्हणून विक्रेते आधीच गिऱ्हाइकांची नावं नोंदवतात. कुणी आगाऊ पैसे घेतो, कुणी चिठ्ठ्या टाकतो. उरलेले नग दुकानात मांडले की बघता बघता संपतात.

मग खरा बाजार सुरू होतो. न वापरलेला चाकू मूळ किमतीहून चढ्या भावानं पुन्हा विकला जातो. सफरचंदही न कापलेला चाकू महाग, हे जरा गमतीचंच! कंपनीच्या गल्ल्यात मात्र त्या वाढीव भावातलं काहीच पडत नाही.

असा चाकू परदेशातून मागवणाऱ्यानं आधी भारतातले शस्त्र नियम पाहावेत.