मोडीतले पूर्वज शोधताना

हैदराबाद गॅझेटिअर, सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय, मोर्चे आणि प्रतिमोर्चे यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. मराठा आरक्षणाचा तो वाद इथे पुन्हा उगाळायचा नाही. पण या वादाच्या निमित्ताने महाराष्ट्रात वंशावळी शोधण्याचं केवढं मोठं काम उभं राहिलं, याची दखल फारशी कुणी घेतली नाही. मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती २०२३ मध्ये नेमली गेली आणि कोतवाल बुकं, खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, शाळांची जुनी रजिस्टरं दप्तरांतून बाहेर आली. त्यातलं मोडी लिपीतलं लिखाण उलगडून दिलं ते मोडी वाचकांनी. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते हेच लोक.

मोडीचं जुनं पान एकदा नीट पाहा. लेखनिक आधी पानभर शिरोरेघा ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत त्यांखाली अक्षरं लिहीत जाई. शब्दांमध्ये अंतर सोडलेलं नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. मराठवाड्यात त्यात फसली सनाची भर. इसवी सन काढायला साधारण ५९० मिळवावे लागतात. शिवाय निजामकाळातले कितीतरी कागद उर्दू-फारसीत.

वंशावळ जुळते ती ‘बिन’, म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’, या दोन अक्षरांवर. समजा, एका कागदावर ‘राणोजी बिन सुभानजी’ आहे आणि त्याच गावच्या आणखी जुन्या कागदावर ‘सुभानजी बिन राणोजी’. बापलेकांची अदलाबदल झाली की काय, असं वाटेल. पण नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आपली रीत ठाऊक असलेला माणूस लगेच ओळखतो की या तीन पिढ्या असू शकतात. तरीही तो तिथे थांबत नाही. आडनाव बहुतेकदा लिहिलेलंच नसतं, म्हणून जमीन, भाऊबंद, वतन ताडून पाहतो आणि मगच हो म्हणतो.

आता यात यंत्र आलं आहे. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीचं देवनागरी लिप्यंतर करणारं ‘मोस्कनेट’ हे प्रारूप मांडलं. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी वाचन हा त्याचा पाया. काम मनापासून कौतुक करावं असं आहे. मोडीचे कागद कोटींच्या घरात आणि सराईत वाचक मोजके, तेव्हा नुसतं कोणत्या पानावर कोणत्या गावाचं नाव आहे एवढं जरी यंत्राने सांगितलं, तरी वाचकाचे महिने वाचतील. मात्र प्रतिमांसोबतचं ते वाचन मोडी जाणणाऱ्या माणसांशिवाय झालं नसतं. यंत्र शिकलं ते त्यांच्या नजरेतून.

यंत्राचं वाचन तपासावं लागतं, हे इतरत्रही दिसलं आहे. अमेरिकेने १९५० च्या जनगणनेचे कागद १ एप्रिल २०२२ रोजी खुले केले, तेव्हा हस्ताक्षरातली नावं यंत्राने वाचलेली होती. पण राष्ट्रीय अभिलेखागाराने तो कच्चा खर्डा मानला आणि चुकलेली नावं दुरुस्त करायची सोय लोकांना दिली. तिथे तर एकसारखे छापील तक्ते आणि रोमन लिपी होती. मोडीत दर लेखनिकागणिक वळण बदलतं. इथे पडताळणीची गरज कितीतरी जास्त.

म्हणून यंत्राने वाचलेल्या नावावर कुणाचा जातीचा दाखला मंजूर वा नामंजूर होता कामा नये. यंत्राने पान शोधावं, निर्णय जाणकाराने द्यावा. अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर सापडलेल्या नोंदी स्कॅन करून टाकल्या आहेत, पण त्यात आपल्या पणजोबांचं नाव शोधायचं तर पानामागून पान चाळावं लागतं. शासनाने मूळ पान, त्याचं देवनागरी वाचन आणि वाचकाचं नाव एकत्र, शोधता येईल अशा रीतीने खुलं करावं. वाचकांना नियमित मानधन द्यावं आणि दर तालुक्यात मोडीचे वर्ग चालवावेत. जात कोणतीही असो, आपले पूर्वज त्या दप्तरात शोधण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.